घरचा कॅमेरा आंधळा झाला तर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

घरच्या कॅमेऱ्याचं चित्र गेलंय? अभिनंदन. म्हणजे आज तुम्ही तो उघडून पाहिलात. नेमका कधी बंद पडला, याच्या खोलात शिरू नका. गणपतीत पाहुण्यांना कौतुकानं दाखवला तेव्हा चालू होता, एवढी माहिती पुरे. पुढच्या पायऱ्या क्रमानं पाळल्यात, तर दोन मिनिटांचं काम अख्खा रविवार आरामात पुरेल.

१. आधी घरातल्यांवर संशय घ्या. हॉलच्या मध्यभागी उभं राहून ‘कुणी हात लावला?’ असं विचारा. नाव घेऊ नका, म्हणजे प्रत्येकाला लागेल. यथावकाश उघड होईल, की आजींनी फोन चार्ज करायला कॅमेऱ्याचा ॲडाप्टर काढला होता आणि परत लावताना दुसराच लावला. अशा कॅमेऱ्याला साधारण ५ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर लागतात. जुन्या फोनच्या अर्ध्या अँपिअरवर तो दिवसा कसाबसा तग धरतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की मान टाकतो. म्हणजे नेमका चोरांच्या ड्यूटीच्या वेळी. तरीही ॲडाप्टरवरची बारीक अक्षरं इतक्यात वाचू नका. चष्मा शोधावा लागेल, आणि अजून सकाळचा चहाही झालेला नाही.

२. राउटर बंद करून चालू करा. कुणाला न सांगता. मुलीची मीटिंग आणि आजींची मालिका एकाच क्षणी गेली, की तुमच्या कामाचं गांभीर्य घराला आपोआप समजतं. राउटर उठल्यावर सगळ्यांना नव्यानं आयपी पत्ते वाटतो. तुम्ही डायरीत जपून ठेवलेला कॅमेऱ्याचा पत्ता आता टीव्हीला मिळालेला असू शकतो. राउटरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, पण ही वरच्या इयत्तेची विद्या. तूर्त टीव्हीच्या पत्त्यावर कॅमेरा शोधत राहा.

३. वाय-फायचा पासवर्ड बदलला होता का, हे आठवायचा प्रयत्न करू नका. बदलला होता. वरच्या मजल्यावरचा मुलगा फुकट सिनेमे बघत होता म्हणून. फोनला नवा पासवर्ड सांगितला, टीव्हीला सांगितला. कॅमेऱ्याला सांगायचं राहून गेलं. तो बिचारा अजून जुनाच पासवर्ड घेऊन दारात उभा आहे. राउटरच नवा असेल तर दुखणं वेगळं. बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. नवा राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली नांदवतो. फोन ५ वर जाऊन बसतो आणि कॅमेरा जोडताना ॲपची गाळण उडते. दोन्हींना वेगळी नावं दिली की प्रश्न बहुधा मिटतो, म्हणून देऊ नका.

४. न्यू जर्सीच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावा. कॅमेरा त्यानंच पाठवलाय, तुमची काळजी वाटते म्हणून. आपल्या रविवारी सकाळी तिकडे शनिवारची रात्र असते. उचलेल, काळजी आहे ना. तो विचारेल, ‘बाबा, दिवा लाल आहे की निळा?’ तुम्ही फोन कॅमेऱ्यासमोर धरा, पण पुढचा कॅमेरा चालू ठेवून, म्हणजे त्याला तुमच्या नाकपुड्या दिसतील. मग फोन फिरवा. त्याला हॉल दिसेल, आजी दिसतील, उघडं राहिलेलं दार दिसेल, गॅसवरचं दूधही दिसेल. घर पाहायला एवढं साधन पुरेसं आहे, असं या क्षणी कुणी बोलू लागलं तर त्याला दूध बघायला पाठवा.

५. लेन्स पुसू नका. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. ते इन्फ्रारेडच्या उजेडात पांढरं भडक चमकतं आणि फोनवर रात्रभर ‘हालचाल आढळली’चे निरोप येतात. तुम्ही वैतागून निरोप बंद केलेत ते याच कोळ्यापायी.

६. कस्टमर केअर. सीरियल नंबर मागतील. तो कॅमेऱ्याच्या बुडावर आहे, आणि बूड भिंतीला स्क्रूनं घट्ट बसवलंय.

७. आता स्टूल आणि पिन घ्या. काही कॅमेऱ्यांना दोन बारीक छिद्रं असतात, एक रीसेटचं आणि एक माइकचं. नवशिक्यांनी माइकचं निवडावं. कॅमेरा आंधळा होताच, आता बहिराही होईल. मग मुकाट्यानं दुसऱ्या छिद्रात पिन घालून दहाएक सेकंद दाबून धरा.

८. नवा पासवर्ड मागितला तर ‘ॲडमिन’च ठेवा. लक्षात राहतो, मुख्य म्हणजे इतरांच्याही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं कंपनीनं दिलेले असले साठेक पासवर्ड आलटून पालटून वापरले आणि जगभरचे कॅमेरे, राउटर कामाला जुंपले. त्या ऑक्टोबरात त्यांच्या गर्दीनं अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडकून पडले. तुम्हाला चित्र दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नका. कुणाला तरी दिसत असेल.

(केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी १९९१ मध्ये एका कॅमेऱ्यावर नजर ठेवायचं काम सोपवलं, ते कॉफीच्या भांड्यावर. भांडं रिकामं असेल तर जिन्यांची खेप वाचावी म्हणून. २००१ मध्ये तो बंद केला. दहा वर्षं लोकांनी तो रोज पाहिला, कारण त्यात पाहण्याजोगं काहीतरी होतं. तुमच्याकडे चपलांचा स्टँड आहे.)

९. चित्र येईल. ते तुमच्या कपाळाचं असेल, कारण तुम्ही अजून स्टुलावर आहात. कोपऱ्यात कदाचित १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच अशी तारीख-वेळ दिसेल. घाबरू नका. बरीच संगणकी घड्याळं त्याच दिवसापासून मोजायला लागतात. ग्रिनिच प्रमाणवेळेच्या मध्यरात्री आपल्याकडे साडेपाच वाजतात. तारीख सेटिंगमध्ये जाऊन दुरुस्त करता येते. आज नको. जेवायला बसा, आणि आजींचा चार्जर आजींना परत देऊन टाका.