अभिरुचीची कैफियत

लॅटिन भाषेशी माझा परिचय इतका बेताचा आहे, की तो उघडकीस येऊ नये म्हणून मी ती केवळ वादाच्या ऐन भरात आणि प्रतिपक्षाला अर्थ विचारण्यास उसंत मिळणार नाही अशा खुबीने वापरतो. आणि या कामी ‘दे गुस्तिबुस नॉन एस्त दिस्पुतांदुम’, म्हणजे अभिरुचीविषयी वाद घालू नये, या वचनाइतके हुकमी अस्त्र दुसरे नाही. आमटीत गूळ असावा की नसावा या प्रश्नावर माझी बाजू लंगडी पडू लागली, की मी ते उच्चारतो. त्या क्षणी माझ्या मुद्रेवर सीझरचे नसले तरी त्याच्या फडणविसाचे तेज झळकते, अशी माझी समजूत आहे. सौभाग्यवतींची समजूत निराळी आहे. अभिजात रोमन ग्रंथांत हे वचन सापडतच नाही, ही गोष्ट मी अर्थातच घरात फोडलेली नाही.

माणसे तितकी मते, हा सिद्धान्त मात्र अस्सल रोमन. टेरेन्सच्या ‘फोर्मिओ’ या इ. स. पूर्व १६१ मधील नाटकात मुलाने बापाच्या गैरहजेरीत परस्पर लग्न उरकलेले असते, आणि परत आलेला बाप तीन स्नेह्यांचा सल्ला घेतो. पहिला म्हणतो, लग्न रद्दबातल करावे. दुसरा उपरोक्त सिद्धान्त सांगून कायद्याने झालेली गोष्ट रद्द होत नाही असा अभिप्राय देतो. तिसरा प्रकरण मोठे असल्याच्या सबबीवर तहकुबी मागतो. आणि म्हातारा तिघांची तारीफ करून, आपण पूर्वीपेक्षा अधिकच संभ्रमात पडलो असल्याचे कबूल करतो. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे इतके बिनचूक इतिवृत्त खुद्द चिटणिसांनाही कधी साधलेले नाही.

या टेरेन्सचेच ‘हेकिरा’, म्हणजे ‘सासू’, हे नाटक इ. स. पूर्व १६५ मध्ये लागले, तेव्हा दोरीवर चालणाऱ्या कसरतपटूची वार्ता येताच प्रयोग मोडला. (सासूपेक्षा डोंबारी बरा, ही अभिरुची मला सर्वस्वी अनाकलनीय नाही.) पाच वर्षांनी ते पुन्हा लागले, तेव्हा ग्लॅडिएटर येणार अशी आवई उठली आणि जागेसाठी धक्काबुक्की होऊन नाटक पुन्हा बंद पडले. त्याच वर्षी तिसऱ्यांदा अंबिवियस तुर्पिओ हा वयोवृद्ध नट प्रेक्षकांपुढे उभा राहिला, मागील दोन्ही फजित्या त्याने स्वमुखाने कथन केल्या, शांततेची याचना केली, आणि तेव्हा कोठे ‘सासू’ शेवटापर्यंत नांदली.

लोकांची आवड म्हणून तुर्पिओ स्वस्थ घरी बसला असता, तर त्याला कोणीही दोष दिला नसता. तो भांडला, याचे कारण त्याला ते नाटक प्रिय होते, आणि प्रेक्षकांविषयीही त्याने आशा सोडली नव्हती. माझा मुलगा हल्ली माझ्याशी वाद घालत नाही. मी बालगंधर्वांची तबकडी लावली, की तो ‘ज्याची त्याची आवड, बाबा’ असे अत्यंत सौजन्याने म्हणून दार लोटून घेतो. पूर्वी तो त्या गायकीला रडगाणे म्हणत असे, आणि आम्ही जेवणे निवेपर्यंत कडाकडा भांडत असू. ते सौजन्य मला सोसवत नाही.

सबब वाचकांस विनंती, की हा लेख नापसंत पडल्यास तसे सविस्तर व सकारण लिहून कळवावे. ‘ज्याची त्याची आवड’ असा शेरा मारलेली पत्रे दप्तरी दाखल करून घेतली जाणार नाहीत, मग तो शेरा लॅटिनमध्ये का असेना.