राष्ट्रीय महत्त्वाचा ब्रॅकेट

पुण्याच्या पाषाण किंवा दिघी भागात संरक्षण क्षेत्रातला ज्येष्ठ डिझाइन अभियंता भेटला, तर त्याला कामाबद्दल विचारू नये. तो सांगणार नाही. त्याच्या शेजाऱ्याला विचारावे. तोफेचा पल्ला, किंमत आणि शत्रूची झोप नेमकी किती वाजता उडाली, हे सगळे त्याला ठाऊक असते. तो रोज रात्री नऊच्या बातम्या बघतो.

अभियंत्याच्या मौनाचे एक कारण गोपनीयता. दुसरे असे, की सांगण्यासारखे जे काही आहे ते एका ब्रॅकेटबद्दल आहे. हा ब्रॅकेट सियाचीनच्या थंडीत तडकू नये, जैसलमेरच्या उन्हात फुगून अडकू नये, तोफेच्या हादऱ्याने सैल होऊ नये, आणि वजन मात्र मागच्या बैठकीत ठरले त्याहूनही कमी भरावे. तो बसवायची जागा इलेक्ट्रिकलवाल्यांनी आधीच केबलला देऊन टाकलेली असते.

‘ज्येष्ठ’ माणूस ड्रॉइंग काढत नाही, त्यावर सही करतो. सही वाळते न वाळते तोच बदलाची सूचना येते. मग नव्या आवृत्तीवर नवी सही.

पुण्यातल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या १५५ मिमी ‘एटॅग्स’ तोफेचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. ३०७ तोफांच्या खरेदीचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. एवढ्या काळात कनिष्ठ अभियंता आपोआप ज्येष्ठ होतो. तोफेबरोबर त्याचीही टिकाऊपणाची चाचणी चालूच असते. फरक इतकाच, की तोफेला नापास व्हायची मुभा आहे.