आठाची पाऊणपट

माउंटन बाइकच्या शर्यतीला डोंगर लागतो. बोरीवलीला तो आहे, चांगला शंभर चौरस किलोमीटरचा. पण तिथले मूळ रहिवासी बिबटे, आणि डांबरी सोडून आत चाक घालायला वनखात्याची मनाई. पश्चिमेला, गोराई खाडीच्या काठी, दुसरा एक उंचवटा आहे. तो मुंबईकरांनी १९७२ पासून रोज थोडा थोडा कचरा टाकून स्वतः घडवला. २००७ मध्ये ते काम थांबलं, वर माती आणि गवत आलं, आणि आता परक्या माणसाला तो खराच डोंगर वाटतो. पण पोटात मिथेन बाळगणाऱ्या डोंगरावर शर्यत घ्यायला आमचा आयोजक धजेना.

म्हणून शर्यत खाडीपलीकडे, गोराई गावाच्या अंगाला ठरली. गावातली गल्ली, माडांच्या वाडीतली पायवाट, खाडीकडचा मातीचा बांध आणि शेवटी किनाऱ्यावरची वाळू. चढ नाहीच. आयोजकाचं म्हणणं, बोरीवली स्टेशनचा पूल ज्यानं सायकल खांद्यावर घेऊन पार केलाय त्याला चढाचं कौतुक सांगू नये.

शर्यत पुढच्या रविवारी. या रविवारी सरावफेरी. पहाटेच्या बोटीला आम्ही जेट्टीवर जमलो तेव्हा जो तो हेल्मेटचा पट्टा आवळत एकच वाक्य बोलत होता, "आज आपलं नुसतं सावकाश हं." दहावीच्या वर्गात पहिला येणारा मुलगा "माझं काहीच वाचून झालं नाही" म्हणायचा, त्या सुरात. बँकेतून निवृत्त झालेले काका तर म्हणाले, मी फक्त रस्ता बघायला आलोय. रस्ता बघायला आलेल्या माणसानं छातीला नाडी मोजायचा पट्टा का बांधावा, हे मी विचारलं नाही. माझ्याही बांधला होता.

बोटीत सायकलीचं वेगळं तिकीट. शेजारी मोटरसायकली, भाजीच्या पाट्या, आणि आमच्या काटेरी टायरांकडे बघणारे गावकरी. रस्त्यानं यायचं तर भाईंदर-उत्तनचा भलाथोरला वळसा. खाडीतून मात्र चहा पिऊन होईपर्यंत पलीकडचा धक्का येतो. तेवढ्या वेळात काकांनी धक्के शोषणाऱ्या आपल्या पुढच्या फोर्कचं माहात्म्य सांगितलं. किंमत ऐकून एक गावकरी म्हणाला, एवढ्यात जुनी स्कूटर येते. काकांनी विषय कॅलिफोर्नियाकडे नेला. तिथल्या टॅमल्पाइस डोंगराजवळ १९७६ साली काही पोरांनी भंगारातल्या जाडजूड सायकली उतारावरून सोडून शर्यत लावली. असला फोर्क नाही, गिअर नाही, उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक. खाली पोचेपर्यंत त्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. वीस वर्षांत हा प्रकार अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये जाऊन पोचला. "म्हणजे त्यांचं फोर्कवाचून भागलं," गावकरी म्हणाला, आणि धक्का आला.

गावातल्या गल्लीत क्रूसापर्यंत सगळे खरोखरच सावकाश होते. मग आमच्यातल्या डॉक्टरनं, केवळ वळण समजून घ्यावं म्हणून, काकांना मागे टाकलं. काकांनी, केवळ डॉक्टरला वळण कळलं का हे बघावं म्हणून, त्याला गाठलं. वाडीत शिरेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माडाची झावळी पायवाटेवर आडवी होती. तिच्यावरून कसं जायचं याचा सराव करायचा सोडून जो तो दुसरा कसा पडतो ते बघत होता. बांधावर एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला चिखल, मध्ये हातभर माती. तिथं ओलांडून जाणं अशक्य, म्हणून मागून घंटी. माउंटन बाइकला घंटी लावणारा माणूस बोरीवलीचाच असणार.

आणि मग वाळू. नकाशाप्रमाणे हा भाग सगळ्यात वेगाचा. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू सिमेंटसारखी कडक होते, सायकल सणसणीत पळते. प्रत्यक्षात समुद्र वर आलेला. उरली ती कोरडी, भुसभुशीत वाळू. पुढचं चाक रुतलं, हँडल वळलं, आणि डॉक्टर खाली बसला. टायरची हवा कमी केली, वजन मागे घेतलं, हलका गिअर टाकून एका लयीत पाय मारले. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं आणि सगळे ढकलत चालू लागले.

बांबूच्या मांडवावर बोंबील टांगणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "आज कशाला आलाव? आज अष्टमी."

अष्टमीचा आणि सायकलीचा संबंध आम्हाला कळेना. मावशींनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी भरलं, ते आता उतरायला लागतंय. त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे ओहोटीलाही पाणी फार मागे जायचं नाही. आमच्या मनगटांवरच्या घड्याळांना उपग्रह दिसत होते, रक्तातला प्राणवायू दिसत होता. पंचांग मात्र एकाही घड्याळात नव्हतं.

"मग पुढच्या रविवारी?" आयोजकानं घाबरत विचारलं.

"अवस. उधाण. भरती अकरा-साडेअकराला. सकाळी सहाला या, क्रिकेट खेळा."

म्हणजे शर्यतीच्या दिवशी किनारा दुसराच असणार होता. ज्या वाळूचा आम्ही घाम गाळून सराव केला ती वाळू शर्यतीत लागणारच नव्हती. आयोजकानं मोबाइल काढून नकाशावरची रेघ समुद्राच्या बाजूला सरकवली. डॉक्टर कपडे झटकत म्हणाला, बरं झालं, मी आज जोर लावलाच नव्हता.

"पहिल्याला काय देणार?" मावशींचा प्रश्न.

"टी-शर्ट."

"नि शेवटच्याला?"

"तोच. सगळ्यांना एकच माप आलंय."

मावशी काही बोलणार तेवढ्यात धक्क्याकडून बोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू आली. बोटीत सायकलींना जागा मोजकी, उरलेल्यांना पुढच्या खेपेपर्यंत उन्हात थांबावं लागतं. काकांनी पट्टा आवळला. "घाई नको," ते म्हणाले, "आरामात जाऊ," आणि वाक्य पुरं व्हायच्या आत वाडीत दिसेनासे झाले.