पहिला वापरकर्ता : प्राप्तीचे उपाय

नव्या समाजमाध्यमावर पहिला माणूस येत नाही, कारण तिथे दुसरा नसतो. आणि दुसरा येत नाही, कारण पहिला आलेला नसतो. ॲप बनवणाऱ्यांना ही तांत्रिक अडचण वाटते. खरे तर ती खानावळीची अडचण आहे : रिकामी टेबले दिसली की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते.

सर्वांत जुना उपाय घरगुती. संस्थापक स्वतः खाते उघडतो, मग सहसंस्थापक, मग नातेवाईक. मावशीला फोन करून ॲप उतरवून घ्यायला लावतात, ओटीपी तिच्याकडून फोनवरच वाचून घेतात (एरवी बँका जे करू नका म्हणून कानीकपाळी ओरडतात, तेच). ती गुलाबाच्या चित्रावर ‘शुभ सकाळ’ टाकून भाच्याच्या ऋणातून मोकळी होते. त्या गुलाबाला भाचा आणि त्याचा सहसंस्थापक लाइक देतात. गुंतवणूकदारांपुढे याचे नाव ‘सक्रिय समुदाय’ असते.

नातेवाईक संपले की माणसे तयार करावी लागतात. २००५ मध्ये रेडिट सुरू झाले तेव्हा स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन हे संस्थापकच निरनिराळ्या टोपणनावांनी दुवे टाकत, म्हणजे येणाऱ्याला वर्दळ दिसावी. हफमन यांनी पुढे ते मोकळेपणाने सांगितलेही. मतदारयादीत हेच केले तर गुन्हा दाखल होतो. इथे यशोगाथा होते.

मात्र सर्वाधिक नावाजलेला उपाय म्हणजे दार लावून घेणे. फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले ते फक्त हार्वर्डचा ईमेल पत्ता असणाऱ्यांसाठी, आणि महिन्याभरात तिथल्या निम्म्याहून अधिक पदवीच्या विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. मग स्टॅनफर्ड, कोलंबिया, येल. सर्वसामान्यांना आत घ्यायला सप्टेंबर २००६ उजाडला. फेसबुकप्रमाणे २००४ मध्येच आलेले ऑर्कुटही सुरुवातीला आमंत्रणावर चाले. यातला बारकावा असा, की हार्वर्डची मुले एकमेकांना आधीच ओळखत होती, एकाच भोजनगृहात जेवत होती. कोणाचे कोणाशी जमले आहे याची उत्सुकता तयार होती. नक्कल करणारे ही आधीची ओळख विसरतात आणि नुसते दार उचलून आणतात. मग ‘प्रतीक्षायादीत आपले स्वागत आहे’ असा संदेश येतो. त्या यादीतही मावशीच असते.

पैसा मुबलक असेल तर सक्ती करता येते. २०११ साली आलेल्या गूगल प्लसची खाती गूगलने आपल्या इतर सेवांना बांधली. २०१३ पासून यूट्यूबवर मत नोंदवायलाही हे खाते लागू लागले. खाती भरमसाट झाली. २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की तिथल्या ९० टक्के भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात. म्हणजे चुकून बोट लागणे आणि बाहेर पडणे, एवढा वेळ.

भारतात आणखी एक मार्ग आहे, राजाश्रयाचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘कू’ या समाजमाध्यमाने त्याच वर्षी सरकारची आत्मनिर्भर ॲप स्पर्धा जिंकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्विटर आणि सरकार यांचे बिनसले, तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती तिथे दाखल झाली. आपण ‘कू’वर आल्याचे केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी जनतेला ट्विटरवरून कळवले. जुलै २०२४ मध्ये ‘कू’ बंद झाले. ती घोषणा संस्थापकांनी लिंक्डइनवर केली.