पोलादाची बिरुदावली

जुनी विलायती करवत हाती आली की आधी तिची बिरुदावली वाचावी. दात मागाहून मोजता येतात.

'कास्ट स्टील' हा छाप त्यातल्या त्यात प्रामाणिक. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने 1740 च्या दशकात शेफील्डजवळ बंद मुशीत पोलाद वितळवून एकजीव केले, त्याची ही मिजास. पुढे ऊठसूट सगळेच तो छाप मारू लागले, ही गोष्ट वेगळी. 'जर्मन स्टील' ही त्याखालची प्रत. ते जर्मनीतूनच यावे असा कोणाचा हट्ट नव्हता. 'लंडन स्प्रिंग' मिरवणारी पाती शेफील्डातही बनत. अमेरिकेत ॲटकिन्स कंपनीचे 'सिल्व्हर स्टील' निघाले. त्यातली चांदी विक्रेत्याच्या गल्ल्यात पडली.

खरी मौज 'वॉरंटेड सुपीरियर'ची. मुठीवर पितळी बिल्ला, मधोमध पंख पसरलेला गरुड आणि भोवती हे दोन शब्द. हमी ठणठणीत, पण देणाऱ्याचा पत्ता नाही! फिलाडेल्फियाच्या डिस्टनसारखे नामांकित कारखानदार स्वतःचे नाव वरच्या मालासाठी राखून ठेवत आणि स्वस्त करवती या निनावी बिल्ल्याखाली खपवत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! श्रेष्ठत्वाची ग्वाही दुय्यम मालालाच जास्त लागते, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

एवढे असूनही यांतल्या कित्येक करवती गंज घासून, दातांवर कानस फिरवली की आजही सागवान सरसर कापतात. पोलादाला वाचता येत नाही, हे बरेच झाले.