'होम अलोन'च्या चोरद्वयीस अनावृत पत्र

मुक्काम : शिकागोच्या आसपासचा जो तुरुंग असेल तो

श्री. हॅरीराव आणि श्री. मार्वराव यांस,
स. न. वि. वि.

1990 सालचा तुमचा 'होम अलोन' हा चित्रपट दर नाताळात घरोघरी पुन्हा पाहिला जातो. आठ वर्षांच्या केव्हिनच्या हुशारीचं कौतुक होतं, त्याच्या आईच्या धावपळीने डोळे पाणावतात. तुमच्याविषयी मात्र कोणी चांगला शब्द काढत नाही. म्हणून ही चार अक्षरं.

प्रवासाच्या आदल्या रात्री केव्हिनचं घर गजबजलेलं होतं. अकरा मुलं, चार मोठी माणसं. पोलिसाच्या वेशात हॅरीराव दारात ताटकळत उभे, आणि कोणाला ढुंकून बघायला सवड नाही. अखेर केव्हिनचे वडील पीटरसाहेब भेटले, त्यांनी दिव्यांना टायमर लावल्याचं आपणहून सांगून टाकलं. सांडलेलं दूध पुसताना केव्हिनचं तिकीट कचऱ्यात गेलं. सकाळी मोजणीत शेजारचं पोर धरलं गेलं आणि केव्हिनला घरीच विसरून वरात पॅरिसला निघाली. पुढे पहिल्या वर्गात चार मोठी माणसं, मागे मुलं. फ्रँककाकांनी तर विमानातले काचेचे पेले बायकोच्या पर्समध्ये टाकायला लावले. त्यांना कोणी हातकडी घातली नाही, हे आपलं सहज सांगितलं.

आईने पॅरिसहून फोन केल्यावर पोलीस आला, दार वाजवून परत गेला. दुकानातल्या बाईने चौकशा केल्या आणि सामान बांधून दिलं. हे पोर घरात एकटं आहे, हे स्वतःच्या डोक्याने ओळखणारे मोठे फक्त तुम्ही दोघे! तुमचा हेतू वाईट होता, मान्य. पण लक्ष तरी होतं.

आणि त्याचं बक्षीस काय? केव्हिनकडून मार्वरावांच्या तोंडावर इस्त्री, तळपायात खिळा, चेहऱ्यावर कोळी. हॅरीरावांची टाळू जळली, दाराच्या तापलेल्या मुठीने तळहातावर 'एम'चा डाग उमटला. मग दोघांनाही रंगाचे डबे. डिसेंबर आला की कोणीतरी शहाणा हिशेब मांडतो, की खरी माणसं पहिल्याच डब्याला गेली असती. मला विचाराल तर ती शेवटची मारामारी मोठेपणी पाहताना जरा लांबतेच. केव्हिन एकटा बाजारहाट करतो, कपडे धुतो, गल्लीतल्या म्हाताऱ्या मार्लीशेजारी चर्चमध्ये बसतो, तो भाग खरा चित्रपट. मार्लीचा विषय निघालाच आहे, तर बघा : सगळी गल्ली त्या बिचाऱ्याला खुनी समजत होती, आणि हॅरीराव पोलिसाच्या वेशात फिरत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

हॅरीराव, तुमच्यावर आणखी एक अन्याय झाला. तुमची भूमिका करणाऱ्या जो पेशींनी त्याच 1990 साली स्कॉर्सेसेच्या 'गुडफेलाज'मध्ये माणसं मारली, त्यांना ऑस्कर मिळालं. तुम्ही एकालाही मारलं नाही, तुम्हाला डोक्यात फावडं मिळालं. खरी लूट तर स्टुडिओने केली. वॉर्नर ब्रदर्सने खर्चाच्या भीतीने चित्रपट सोडला, फॉक्सने उचलला. सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर खर्च झाले, जगभरातून सुमारे 47 कोटी 60 लाख जमा झाले. लेखक जॉन ह्यूज आणि दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांना घरफोडी तुमच्यापेक्षा चांगली जमते.

आईसाहेब डॅलस, स्क्रँटन अशी वळणं घेत पोल्का वाजवणाऱ्यांच्या गाडीतून घरी पोचल्या. बाकीची मंडळी साध्या विमानाने त्यांच्यामागोमाग दारात हजर! मुलाला विसरलं म्हणून कोणाची चौकशी झाल्याचं काही दिसलं नाही.

मार्वराव, शेवटी तुम्हाला एक विनंती. प्रत्येक घरातला नळ उघडा ठेवून जायची तुमची हौस होती, आणि त्यावरूनच पोलिसांना तुमची एकूण एक घरं सापडली. पुढच्या वेळी नळ बंद करून जा. पाणी वाचेल, आणि शिक्षाही कमी होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रेक्षक