चवीचे वारसदार

आईच्या हातच्या चवीची वाटणी आपल्याकडे किती न्याय्य रीतीने होते, याबद्दल समाजाचे अभिनंदन. मुलीला पोळपाट-लाटणे, मुलाला आठवणी. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली वाटी-चमच्याची मापे घेऊन आली, तरी लेकाने ती उघडून हा वारसा बाटवला नाही. उलथने उभे राहीपर्यंत पुरण आटवतात, हे त्याला ठाऊक नसते. बायकोचे पुरण सैल झाल्याचे मात्र पहिल्या घासालाच कळते. सरकारने ही वाटणी आता सातबाऱ्यावर चढवावी: मालक मुलगा, कूळ सून. कूळकायदा अर्थातच लागू नाही. आईची हरकत जरूर मागवावी, फक्त दुपारी तीननंतर. त्याआधी तिचे जेवण झालेले नसते.